अकरा बदकं आणि एक अंगण

माझ्या मामांना जन्मात कुणाला पाणी नाही म्हणता आलं नाही, आणि या एका गुणापायी आमच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली होती. वडील गेल्यावर आई मला घेऊन धुळ्याकडचं गाव सोडून मामांकडे सिल्वासाला आली. गावी ती आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरायची. इथे आमली भागातल्या एका चाळीत मामांची एक खोली, पुढे सामाईक अंगण, अंगणात बोअरचा नळ आणि मामांची अकरा बदकं.

मामा सुताच्या कारखान्यात होते. बदकंच का, असं विचारलं तर म्हणायचे, "कोंबडीचं घोटभरात भागतं, माय. या बदकायचं हंडाभरात भागत नाही, म्हणून मले आवडतात." आता बदकाची रीत अशी की ते एक घास चोचीत घेतं, पाण्याशी जातं, घास घोळतं, मान झटकून निम्मं पाणी बाहेर उडवतं आणि पुन्हा खायला परततं. मामांनी त्यांच्यासाठी अर्धा कापलेला ड्रम मांडला होता. अकराजणं त्यात आळीपाळीनं आंघोळ करून भुशात लोळत. सकाळी टाकलेला कोरडा भुसा दुपारी भिजवलेल्या पोह्यांसारखा व्हायचा. पाळीवरून आले की मामा चहाच्या आधी ड्रम काठोकाठ भरत. चिखल वाढला की वर आणखी भुसा, म्हणजे चिखल आणखी जाड. एकदा त्यांनी विटा लावून पाण्याला उतार करून दिला, तर ते सगळं आमच्याच उंबऱ्यातून आत आलं आणि आईचं अंथरूण भिजलं. मी वापीच्या कॉलेजात जायला निघायची तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत बरबटलेली. शेतातून आल्यासारखी दिसायचे, म्हणून बसचा कंडक्टर विचारायचा, "खेतरमांथी आव्या, बेन?" मला रडू यायचं. वासानं शेजारी भांडत, डासांमुळे आईला ताप आला, आणि मामा मात्र म्हणत, "ऊन पडलं की वाळंल."

ऊन पडलं, वाळलं नाही. चाळीचा मालक आला, धोतर उचलून दारात उभा राहिला. "मामा, आ आंगण छे के तलाव? महिनाभरात सुकं करा, नाहीतर खोली खाली करा."  बदकं विकू म्हटलं तर मामा दोन दिवस जेवलेच नाहीत.

शेवटी मीच एक रविवार बदकांसमोर बसून काढला. त्यांना डोळे-चोच बुडतील एवढंच पाणी लागतं, हे ध्यानात आलं. तेलाच्या डब्याला बाजूनं फक्त मान जाईल एवढं भोक पाडलं, खड्डा खणून खडी भरली, वर जाळी टाकून डबा तिच्यावर ठेवला. सांडलेलं पाणी खाली मुरायला लागलं. ड्रम मी उपडा केला, तेव्हा मामा त्याच्याशेजारी उकिडवे बसले.

"मान बुडते ना मामा? मग झालं."

"आम्हांले लहानपणी ओंजळ बुडवायले पाणी नव्हतं, माय," ते म्हणाले. "वाटलं, आपल्या दारी कोणी तरी भिजावं."

 कॉलेजात तसलं काही शिकवत नव्हते. महिनाभर मामा दर पाळीनंतर डब्यात वाकून बघत, हात नळाकडे जाई आणि परत येई.

आज मामा नाहीत. पुढे मी पदवी घेतली, आमच्या अख्ख्या कुळात पहिली. पण त्याआधी, महिना भरला त्या दिवशी मालक पायांत कोरी चप्पल घालून अंगणभर फिरला, चपलेचे तळ उलटून बघितले, कोरडेच होते, आणि गेला. खोली आमच्याकडे राहिली.