दिवा लागतोय, पंप बंद

मंडळी, अजून किळस जात नाहीये. आमच्या वाघोलीच्या घराच्या तळघरात आईचा शिवणवर्ग चालतो. गेल्या वर्षी वीज गेली, तिथलं सांडपाणी उपसणारा पंप थांबला आणि तिथे गुडघाभर गटाराचं पाणी साचलं. म्हणून पंपाला बॅटरी बसवून घेतली.

आज दुपारी चाचणीसाठी मेन स्विच बंद केला. पंप ढिम्म! बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं, तर आत गंजाचा थर आणि वळवळणारी झुरळं.

गेल्याच आठवड्यात "सगळं ओके" म्हणून गेलेल्या मेकॅनिकला फोन केला.

"अहो मॅडम, पेटीवरचा दिवा लागतोय ना? आम्ही तेवढंच बघतो."

"झाकण नाही उघडलंत?"

"आत झुरळं असतात हो."

ती घाण शेवटी मीच काढली. नवी बॅटरी उद्या येईल, दुसऱ्या माणसाकडून.

तुमच्याकडे असा बॅटरीवरचा पंप असेल, तर तुम्हीही आज मेन स्विच बंद करून बघा. पंप चालला तर कळवा, निदान एक तरी चांगली बातमी ऐकू दे.