पाण्याची सोय

मला डायबिटीस झाला आणि पनवेलमध्ये एकूण किती डॉक्टर राहतात ते कळलं. दवाखान्याची पाटी एकाच्याच दारावर होती, बाकी सगळे बिनपाटीचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू म्हणाल्या, उठल्याबरोबर चूळही न भरता एक लिटर पाणी प्यायचं. आमच्या यांच्याबरोबर सकाळी तळ्याभोवती फिरणारी मंडळी म्हणाली, चार लिटरच्या खाली आलात तर किडनी गेलीच म्हणून समजा. मेथी भिजवलेलं पाणी, भेंडी भिजवलेलं पाणी, तांब्याच्या भांड्यातलं पाणी, सगळं सुचवून झालं. भाजीवाल्याने कारली तोलता तोलता सांगितलं, की पाणी उभ्याने पिऊ नका, साखर गुडघ्यात उतरते. मी विचारलं, बसून प्यायलं तर कुठे उतरते? तो म्हणाला, "ताई, चेष्टा नका करू, माझ्या मेव्हण्याचं झालंय असं."

ते दिवसच असे होते, की पनवेलमध्ये प्रत्येक माणूस कशाचा तरी जाणकार झाला होता. विमानतळ येणार, येणार म्हणून विमानांच्या आधी जमिनीचे भाव उडाले होते, आणि कालपर्यंत किराणा विकणारा माणूस धावपट्टी कुठून कुठे जाणार ते चहाच्या डागांनी टेबलावर काढून दाखवत होता. तिथे माझ्या पोटातल्या पाण्याची काय कथा! आमच्या बिल्डिंगला नळाचं पाणी एक दिवसाआड यायचं, सल्ले मात्र रोज आणि पूर्ण दाबाने.

पाटीवाले डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "तुमचं हृदय, किडनी ठीक आहे, त्यामुळे पाण्यावर बंधन नाही. दिवसभरात थोडं थोडं करून दोन-सव्वादोन लिटर पुरे. उन्हाळ्यात जरा जास्त. तहान मारू नका आणि एकदम ढोसूही नका. साखर वाढली की लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून तहान लागते." चहा घेणार का, असं विचारावं इतक्या सहज ते 'लघवी' म्हणाले. मी जमिनीकडे पाहिलं. बाहेर आले तर भिंतीवर 'भरपूर पाणी प्या' असं चित्र होतं, हसऱ्या ग्लासाचं. शेजारच्या बाथरूमच्या दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. तपासणीचा नमुना घरून आणा, असं तिथल्या मुलीने बजावलं.

आता 'लघवी' हा शब्द. तो मी रोज वाचत होते. पनवेलपासून उरणपर्यंत जितक्या म्हणून मोकळ्या भिंती होत्या, त्यांच्यावर तो फूटभर अक्षरांत रंगवलेला होता, 'येथे लघवी करू नये'. आणि नेमके तिथेच पुरुष रांगेने उभे असायचे, कारण जागा कुठली ते त्या पाटीनेच दाखवून दिलेलं असायचं. पण माझ्या तोंडून हा शब्द कधी बाहेर पडला नव्हता. आमच्याकडे मुली नुसत्या 'जाऊन यायच्या'. कुठे, ते विचारायचं नसतं. लग्नकार्यात, प्रवासात, पाहुण्यांकडे एकच शब्द चालायचा, 'सोय'. तिथे सोय आहे का? सोय कुठल्या बाजूला? सभ्य बाईला लघवी होत नाही. तिची सोय होते किंवा गैरसोय होते.

माझी गैरसोय उरणला होती. तिथल्या एका कचेरीत मी नोकरीला होते, कुठल्या ते जाऊ दे. पनवेलहून एसटीने जायचे. वाटेत कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली की बस जागच्या जागी बंद. ड्रायव्हर, कंडक्टर आणि निम्मे प्रवासी उतरून मोकळे होऊन, तंबाखू मळत परत यायचे. आम्ही बायका खिडकीतून खाडीचा देखावा बघायचो. इतका निसर्ग मी आयुष्यात दुसरीकडे कुठे बघितला नाही.

कचेरीत आम्ही दोघीच बायका. मी आणि आवक-जावक सांभाळणारी, जवळच्या करंजा गावची. आमच्यासाठी स्वतंत्र 'महिला प्रसाधनगृह' होतं. पाटी होती, दार होतं, दाराला कुलूप होतं आणि आत छतापर्यंत जुन्या फायली होत्या. ते म्हणे फार महत्त्वाचं रेकॉर्ड होतं. चावी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. पुरुषांसाठी मागच्या बाजूला एक खोली होती, तिला कडी नव्हती. साहेबांच्या केबिनला मात्र आतून जोडलेलं, साहेबांचं स्वतःचं.

करंजाच्या बाईंना मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, तुम्ही काय करता? त्या हसल्या. "आमी पानीच पीत नाय, बाय. सकाली च्या घेऊन निगायचं, मंग घरी जाईपर्यंत घोट नाय. सवय हाय आमाला." अगदीच अडलं तर बाजारात त्यांच्या मावशीचं घर होतं. "पन रोज रोज कोनाच्या दारात जायाचं? मावशी झाली म्हनून काय झालं?" मग मीही तीच सवय लावून घेतली. डायबिटीस होईपर्यंत ती नीट चाललीही.

गंमत अशी, की साहेबांनाही डायबिटीस होता आणि माझा कळल्यापासून ते मला नात्यातलीच समजू लागले. फाइलवर सही घ्यायला गेले की तांब्याच्या बाटलीतून घटाघट पाणी पीत म्हणायचे, "मॅडम, शुगरवाल्यांनी पाण्यात कंजूषी करायची नाही. सगळं कसं फ्लश झालं पाहिजे." मग "एक मिनिट हं" म्हणून ते आत जायचे आणि मी फाइल धरून, फ्लशचा आवाज ऐकत उभी राहायचे. बाहेर आले की रुमालाने हात पुसत विचारायचे, "आज किती झालं तुमचं?"

घरीही हाच प्रश्न. यांनी माझ्यासाठी एक बाटली आणली होती, कडेला रेघा असलेली. माणूस मायाळू. मी संध्याकाळी घरी आले, की हे ती उजेडात धरून बघायचे. "अगं, अजून अर्धी बाकी आहे!" बाकी असणारच, कारण मी ती दिवसभर उघडलेलीच नसायची. मग चप्पल काढल्या काढल्या मी जाऊन यायचे आणि झोपेपर्यंत सगळं पाणी घशाखाली ओतायचे. हे समाधानाने मान हलवायचे. कोटा पूर्ण. रात्रभर माझी ये-जा चालायची, पण ती मोजणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर हे सांगायचे, "आमच्याकडे दोन लिटर अगदी काटेकोर."

एक दिवस बसमध्येच मला थंडी वाजायला लागली. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी पदर लपेटून कुडकुडत होते आणि ओटीपोटात निखारे ठेवल्यागत आग होत होती. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. पनवेलला उतरून थेट दवाखाना गाठला. इन्फेक्शन होतं, त्यात साखरही चढली होती. डॉक्टर पहिल्यांदाच चिडले. "हे वर किडनीपर्यंत गेलं तर काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. माझी आई किडनीनेच गेली होती, शेवटी शेवटी तिला पाणीही चमच्याने मोजूनच मिळायचं. मी घाबरले. आजवर सगळ्यांच्या सल्ल्यांना हसत होते, त्या दिवशी हसू आलं नाही.

"दिवसभरात किती वेळा जाता लघवीला?"

"सकाळी घरून निघताना. मग संध्याकाळी."

"आणि मधे?"

"मधे सोय नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. सोय त्यांना लिहून देता येत नव्हती.

रजेवरून परत कामावर गेले ती ठरवूनच. केबिनमध्ये शिरले, दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "साहेब, आम्हा बायकांसाठी जरा सोय करा ना."

"कसली सोय?"

"म्हणजे... आमच्या शुगरमध्ये पाणी प्यायचं म्हटलं, की... सोय लागते. तुम्हाला तर माहीतच आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावर करुणा पसरली. "समजलं, मॅडम. पुढे काही बोलू नका. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन मी करंजाच्या बाईंना सांगितलं, काम झालं. त्यांनी टेबलाखाली माझा हात दाबला. दोन आठवडे आम्ही दोघी त्या कुलपाकडे प्रेमाने बघत होतो.

मग एका सकाळी टेम्पोतून सोय आली. चांगली माणसाएवढी उंच, स्टीलची, दोन तोट्यांची. वॉटर कूलर. तो ठेवला कुठे, तर महिला प्रसाधनगृहाच्या दाराला टेकवून, कारण तिथे प्लग होता. वरती कागद चिकटवला होता, 'महिला कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी'.

उद्घाटनाला वरच्या ऑफिसातले मोठे साहेब आले. लाल फीत, नारळ, पेढे. पेढे आम्हा दोघा शुगरवाल्यांच्याच पुढे सगळ्यात आधी आले. आमच्या साहेबांनी भाषणात सांगितलं, की आमच्या एका भगिनीने मोठ्या संकोचाने एक अडचण त्यांच्या कानावर घातली आणि त्यांनी ती दोन आठवड्यांत दूर केली. टाळ्या. पहिला ग्लास माझ्या हातात. मी प्यायले. टाळ्या. साहेबांनी स्वतः दुसरा भरून दिला, कारण फोटो हलला होता. मी तोही प्यायले. सकाळी बस ट्रेलरमागे रखडली होती, घरून निघून बराच वेळ झाला होता आणि पाणी बर्फासारखं गार होतं.

"आता मॅडम दोन शब्द बोलतील," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. समोर सगळी कचेरी, हातात पेढे. पाठीमागे कूलर घुरघुरत होता आणि त्याच्यामागे ते कुलूप. मला आई आठवली. आणि कशी कोण जाणे, फूटभर अक्षरांत रंगवलेली ती भिंत डोळ्यांपुढे आली.

"लघवीला लागलीय," मी म्हटलं.

दोन शब्द म्हणून खरोखर दोनच शब्द बोलणारी मी त्या कचेरीतली पहिली वक्ता असेन. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठे साहेब पंख्याकडे बघू लागले. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घेतला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून, टाचणी पडावी इतक्या हळू नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात आलं, "मला पन, सायेब."

मोठ्या साहेबांनी विचारलं, इथे बायकांची काय व्यवस्था आहे? मग ड्रॉवर उघडला, चावी सापडली, चौघांनी मिळून नवाकोरा कूलर बाजूला सरकवला आणि दार उघडलं. महत्त्वाचं रेकॉर्ड मोठ्या साहेबांच्या बुटांवर कोसळलं. धूळ खाली बसेपर्यंत आमच्या साहेबांनी केबिनकडे हात केला. "तोपर्यंत... आमचं वापरा."

मी आत गेले. पांढऱ्या टाइल्स, गुलाबी साबण, धुतलेला नॅपकिन, डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि आतून लावायला पितळेची कडी. ती कडी लावली आणि मला रडू फुटलं. लाज वाटली म्हणून नाही. माझ्या टेबलापासून इतक्या जवळ हे सगळं होतं, आणि मी पोटात आग घेऊन बसमध्ये कुडकुडत होते, याचा संताप आला. बाहेर आले तर दाराशी करंजाच्या बाई उभ्या होत्या. "हटा बाय, बोलू मंग," म्हणाल्या आणि आत शिरल्या.

महत्त्वाचं रेकॉर्ड आठवड्याभरात रद्दीवाल्याने नेलं. खोली धुतली गेली, नळ बसला, कडी बसली. साहेब त्यानंतर माझ्याशी शुगरबद्दल बोलले नाहीत, सह्या मात्र झटपट करायला लागले. पहिल्या दिवशी मी बाटली टेबलावर ठेवली आणि तहान लागेल तशी पीत राहिले. करंजाच्या बाईही कूलरचं पाणी पिऊन "दात कलकलतात" म्हणून तक्रार करत होत्या.

संध्याकाळी घरी आले. यांनी सवयीने बाटली उजेडात धरली. तळाशी थेंब नव्हता.

"आज किती झालं?" यांनी विचारलं.

"तीनदा," मी म्हटलं.