खारपाणातले गावंडे साहेब

गावंडे साहेब गावात शिरले की चावडीकडे वळत नसत, आधी विहिरीकडे जात. ओंजळभर पाणी तोंडात घोळवत, थुंकत आणि म्हणत, "चैत येऊ द्या." पूर्णेकाठच्या आमच्या खारपाणात पावसाळ्यानंतर कोणतीही विहीर गोडच लागते. वर पावसाचं पाणी असतं ना! ते उपसलं की चैत्रापर्यंत खालचं खारं वर येतं. ते काळ्या जमिनीला पाजलं की दोन-चार वर्षांत ती पांढरी पडून कडक होते, मग तिथे कुसळही उगवत नाही. हे सांगायला सरकारनं त्यांना शेतकी अधिकारी नेमलं होतं आणि ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता.

मी त्याच पंचायत समितीत ग्रामसेविका होते. ऑफिसात जीप एकच, त्यामुळे आमचा दौरा बहुधा एकत्र. अकोल्याच्या उन्हात जीव नुसता मेटाकुटीला यायचा. साहेब डोक्याला ओला दुपट्टा बांधून डोळे मिटून बसत आणि मधेच बोलत. "बाई, कोणी साहेब बियाणं देते, कोणी रस्ता देते. मी फक्त 'नाई' देतो. 'नाई'वर कोनाची चूल पेटते?"

तसे ते नुसते नाही म्हणून थांबत नसत. उताराला आडवी नांगरट करा, बांध घाला, असं घसा बसेपर्यंत सांगत. "आभायाचं पानी जिरवा, पोटातलं काढू नका." लोक चहा पाजत, हो हो म्हणत आणि जिथल्या तिथे. एका गावचे पाटील चांदूर बाजारकडच्या सोयऱ्यांची संत्र्याची बाग पाहून आले आणि इथे कलमं लावून बसले. साहेब त्यांच्याकडे किती खेटे घालून आले! पाटील हसून म्हणाले, "साहेब, तुमी पानी चाखता का पंचांग पाहाता?" पुढे झाडं वाळली, वावरात पांढरी खार फुटली. साहेब तिथे जाऊन पाटलांबरोबर मुकाट्यानं उभे राहिले. 'सांगितलं होतं' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर दोनदा ऐकवलं असतं.

त्याच गावात सुखदेव तायडे होता. छप्पनच्या धर्मांतरानंतर त्याच्या घरानं जन्मभराच्या मजुरीतून जमिनीचा एक तुकडा घेतला होता. मागच्या उन्हाळ्यात नवरा-बायकोनं मिळून ओल लागेपर्यंत खड्डा खणला, पावसाळ्यात तो भरला. पुढचं खोदकाम आणि बांधकाम सरकारी मदतीतून व्हायचं होतं, पण त्याला साहेबांची शिफारस हवी होती. दिवाळीच्या सुमाराला आम्ही गेलो. साहेबांनी पाणी चाखलं. गोड. आणि म्हणाले, "सुखदेवभाऊ, चैत येऊ द्या."

"चैत आला की मार्च गेला साहेब, मंग पैसे वापस जातीन."

"पाटलाचं वावर पायलं ना तुमी?"

"पायलं." सुखदेवचा आवाज चढला. "पाटलाच्या विहिरीले माह्या बापानं कधी हात नाई लावला. कोनी वरून वतलं तं प्याचं, नाई तं तसंच घरी याचं. आता माही सोताची होऊन राहिली, तं तुमी आडवे. काहून जी?"

साहेबांनी मान खाली घातली. मग तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. माझा संताप झाला. एवढ्या वर्षांचं 'चैत येऊ द्या' कुठे गेलं? परतताना विचारलं, तर म्हणाले, "बाई, त्यानं मले शेतीचं कुठं विचारलं?"

विहीर झाली. सुखदेवनं मोट जुंपली आणि विहिरीजवळ मिरची लावली. चैत्रात साहेब मला घेऊन गेले, तेव्हा मिरचीची पानं कडेनं करपली होती. उन्हाळा सरता सरता पेरायची पराटी, म्हणजे कपाशीही, याच पाण्यावर घ्यायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आम्ही बसलो तोच त्याच्या बायकोनं विहिरीच्या पाण्याचे दोन गडवे भरून आणले. मी घोट घेतला आणि काय सांगू, मीठ कालवल्यासारखं लागलं! सुखदेव आमच्या तोंडाकडे बघत होता.

"गोड हाय ना, साहेब?"

साहेबांनी गडवा तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मिशा पुसल्या. "गोड हाय."

मला हसावं की रडावं कळेना. सुखदेवची बायको पदरानं डोळे पुसत आत गेली. मग साहेब उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "भाऊ, मानूस मानासाठी कसंही पानी पेते. पराटीले मान नसते रे. तिले नोको पाजू."

सुखदेवनं त्यांचा हात झटकला. "तुमी जा," म्हणाला. आम्ही आलो. रस्ताभर साहेबांनी डोळे उघडले नाहीत. "थकलो बाप्पा," एवढंच म्हणाले.

पुढे त्यांची बदली मेळघाटात, धारणीला झाली. ऑफिसात कोणाला हळहळ वाटली नाही. विहिरींचे कागद भराभर निघू लागले. मला मात्र जीपमधली ती रिकामी जागा फार खायला उठायची. तिथेच तापानं ते गेले. मला कळलं ते कितीतरी दिवसांनी.

त्यानंतर एकदा बाजाराच्या दिवशी सुखदेव दिसला. बैलबंडी सोडून बैलांना कडबा टाकत होता. मी सांगितलं, "सुखदेवभाऊ, गावंडे साहेब वारले."

त्याचा हात थांबला. "कवा?" एवढं विचारून तो बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्यानं माह्या विहिरीले नावं ठेवली, बाई. मी त्याले कधी माफ नाई करनार."

मी बंडीत पाहिलं. ज्वारीची पोती शिगोशीग भरली होती. दाणा टपोरा, मोत्यासारखा. "कोणत्या वावरातली?" मी विचारलं.

"कोनत्या म्हंजे? मले एकच तं वावर हाय."

"आणि मोट?"

"मोट?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्या दिवशीच सोडली."