टोपीवाली गाडी केजला जाते

नाशिक सोडताना वन्संनी गाडीपुढे नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि लगेच गाडीच्या मागे जाऊन वाकून बघितलं. "धूर नाहीये हो शालिनी, अजून तरी!" असं साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. त्या 'अजून तरी'नेच माझं डोकं सणकलं. सकाळची वेळ, शुभ काम, आणि तोंडातून पहिला शब्द काय तर धूर!

वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण. निघाल्या होत्या माझ्या भाचीच्या बाळाच्या बारशाला, केजला. पण खरं म्हणजे माझ्या मुलाने, निखिलने, त्यांना माझ्यावर पहारेकरी म्हणून नेमलं होतं. निखिल पुण्याला असतो. आमची जुनी डिझेल गाडी विकून टाकावी असं त्याच्या डोक्यात कधीपासून आहे. "आई, ती गाडी नाही, चूल आहे," म्हणतो. शेवटी आमचा करार झाला. केजला जाऊन गाडी धडधाकट परत आली तर विषय कायमचा बंद. वाटेत रुसली, धूर ओकली, तर गिऱ्हाईक बघायचं.

तुम्हाला वाटेल, एका गाडीसाठी एवढं काय? ती गाडी ह्यांनी घेतली आणि केस पिकल्यावर मला चालवायलाही ह्यांनीच शिकवलं, रोज भांडत भांडत. हे गेल्यावर मी कुठे जायचं म्हटलं की कुणाच्या तरी सवडीची वाट बघायची वेळ आली असती. ती आली नाही ती गाडीमुळे. गाडी गेली की मी दारात बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी ऑइल बदललं, हवा भरली, देवाला नमस्कार केला आणि निघाले.

नगर मागे पडलं तशी हवा कोरडी झाली, आणि दुपारी आम्ही कड्याला पोचलो. तिथे तात्या राहतात, वन्संच्या यजमानांचे शाळेतले मित्र. "जेवल्याशिवाय पुढं जायचं न्हाई" असा त्यांचा फोनवरच हुकूम होता. ऊसतोडीला बरेच लोक बाहेर गेल्याने गाव शांत होतं, पण तात्यांच्या ओसरीवर माणसं होतीच. बाजरीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी), कच्चा कांदा आणि वरून शेंगदाण्याची चटणी. येसर असा होता की नाकातून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता. वन्संनी तिसरी भाकरी घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

निघायच्या वेळी घोटाळा झाला. त्या भागात पाहुण्यांच्या गाडीचा डायवर रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. त्याला टॉवेल-टोपी द्यायची, म्हणजे द्यायचीच. तात्यांनी ती ताटात काढून ठेवली होती, आणि आता ते अंगणात इकडेतिकडे डायवर शोधत होते.

"डायवर कुठं गेला वो, बाई?"

"मीच की."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं आणि घाम पुसला. बाईमाणसाच्या डोक्यावर टोपी कशी घालायची? बरं, न द्यावी तर घराला बट्टा. ओसरीवरच्या मंडळींची कुजबुज झाली. मी चुळा भरायला आत गेले, बाहेर आले तोवर निकाल लागला होता. गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लागलं होतं आणि पांढरी टोपी समोरच्या काचेमागे ऐटीत बसली होती.

"गाडीनं तुमाला आणलं," तात्या हात जोडून म्हणाले, "तवा मान गाडीचा."

मला हसू आवरेना, आणि आतून बरंही वाटलं. वन्संना मात्र नुसता खण मिळाला होता. "गाडीला टोपी आणि मला खण!" हे त्यांनी आष्टी येईपर्यंत तीनदा ऐकवलं.

आता हा रस्ता मोठा गमतीचा. बीड जिल्ह्यातून निघायचं, मध्येच नगर जिल्ह्यातलं जामखेड ओलांडायचं आणि सौताड्याच्या घाटात पुन्हा बीड जिल्ह्यात चढायचं. सपाटीवर गाडी जरा जड वाटत होती, पण मी म्हटलं, येसर गाडीच्याही पोटात गेला असेल. घाट लागला आणि मी दुसऱ्या गिअरवर आले. पाय दाबते, दाबते, गाडी काही ओढेना. आरशात बघते तर मागे रस्ताच नाही. नुसता काळाकुट्ट धूर! मागचा मोटारसायकलवाला त्यातून खोकत बाहेर आला आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "मावशे, साखर कारखाना कड्याला ऱ्हायला की मागं! हितं कावून धुराडं आणलंस?"

वन्सं गप्प होत्या. त्या गप्प असल्या की समजावं, मोबाइल काढलाय.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. आमचा धूर आमच्या आधी पोचला असणार, कारण गाडी उभी करताच भोवती माणसं जमली. बीड जिल्ह्यात बिघडलेल्या गाडीजवळ माणूस कधी एकटा पडत नाही, ही मोठी सोय आहे. प्रत्येकाकडे निदान तयार होतं. एक म्हणाला डिझेलमध्ये रॉकेल असणार. दुसरा म्हणाला, निळा असता तर ऑइल जळतंय, पांढरा असता तर पाणी शिरलंय, "काळा म्हंजी डिझेल जास्ती अन् हवा कमी." एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "नजर लागलीय. टोपी घातलेली गाडी म्या बी पयल्यांदाच बघितली."

"बाई, जरा रेस करून दावा," एक जण म्हणाला. मी दाखवली. मला काय माहीत, मागे भजीवाल्याची कढई आहे! धूर विरला तेव्हा कढई होती, भजी होती, पण कुठलं कांद्याचं आणि कुठलं नुसतंच करपल्यासारखं ते ओळखू येत नव्हतं. शेजारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ उभे होते. ते पांढऱ्यातून राखाडीत आले होते. मी चहा तसाच टाकून झटकन गाडीत बसले. भजीवाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बोलायचा त्याला हक्क होता.

एवढं होऊनही वन्संना कपिलधारला जायचं होतं. "देवाच्या दारावरून तसंच जायचं का?" उतरताना गाडी गुणी बाळासारखी उतरली. डोंगराच्या कुशीत देऊळ, कड्यावरून पडणारी पाण्याची धार, ओल्या दगडांचा वास. मी पाण्याशी उभी राहून तोंडावर तुषार घेतले आणि खरं सांगते, मला रडू आलं. ह्यांना अशी ठिकाणं फार आवडायची. गाडी काढा म्हटलं की हे माझी चप्पल सापडेपर्यंतही थांबायचे नाहीत.

परत चढताना मात्र गाडीने हात टेकले. धूर सोडत, कण्हत ती अर्ध्या चढावर थांबली. दर्शनाहून परतणाऱ्या बायका नाकाला पदर लावून आमच्याभोवती जमल्या. "माय, देवापुढं लावायचा धूप हितंच लावलास का?" एकीने विचारलं आणि सगळ्या खो खो हसल्या. हसल्या आणि लगेच पदर खोचून मागून ढकलायलाही लागल्या. "हो जय!" करत त्यांनी आम्हाला माथ्यावर आणून सोडलं. धूर त्यांच्याच तोंडावर जात होता, तरी एकीनेही हात काढला नाही.

माथ्यावर फोनला रेंज आली आणि निखिलचा फोनही आला. वन्संनी धुराचा सगळा व्हिडिओ त्याला पाठवला होता.

"आई, बास झालं. केजला पोच, गाडी तिथेच सोड, बसने ये. मी तीन दिवसांनी नाशिकला येतो आणि सगळं बघतो."

"मी चालवत आणीन."

"आई, ती गाडी मेली आहे!"

मी फोन ठेवला. वन्संशी केजपर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यांनी मधेच लिमलेटची गोळी पुढे केली, तीही घेतली नाही. भाचीच्या दारात गाडी लावली आणि सरळ झोपले.

सकाळी बाजाराजवळच्या जब्बारभाईंच्या गॅरेजला गाडी नेली. जब्बारभाई म्हणजे आवाजाने इंजिन सुरू करतील असा माणूस. त्यांनी एक पाय बंपरवर ठेवला, मला रेस करायला लावली, धूर बघितला आणि जाहीर केलं, "नोझल! चारी गेले. पंप बी उतरवावा लागंल. गाडी ठेवून जावा, आठ दिवसांनी या."

आठ दिवस! परवा निखिल नाशिकला येणार, आणि गाडी केजला नोझल काढून पडलेली. मी तिथल्याच टायरवर बसले. वन्सं शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं आता म्हणतील, निखिल म्हणत होता ना. पण त्यांनी पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला.

गॅरेजमध्ये बबन नावाचा एक जीपवाला पंक्चर काढून घेत होता. केज ते अंबाजोगाई माणसं वाहतो. तो मघापासून आमच्या काचेतल्या टोपीकडे टक लावून होता.

"बाई, ही टोपी कुणी दिली?"

"कड्याच्या तात्यांनी. गाडीला मान म्हणून."

"अन् टॉवेल?"

"टॉवेल नाही दिला."

बबन हसला. "असं होतच न्हाई. लगनाच्या गाड्या मारून मारून माझ्या घरात टोप्यांची चळत झालीय. आजपातूर मला एकटी टोपी कुणी दिलेली न्हाई. टोपी हाय म्हंजी टॉवेल हायच."

"अरे, पण नाहीये ना!" मी वैतागून म्हटलं.

"मग त्यो कुठं गेला बे जब्बार?"

जब्बारभाई म्हणाले, "मला काय माहीत, मी काय टॉवेल खाल्ला?"

आणि तेव्हा वन्सं एकदम म्हणाल्या, "अगं बाई! तू चुळा भरायला आत होतीस ना, तेव्हा त्यांनी टॉवेल बॉनेटवर अंथरला होता. मग कुणीतरी म्हणालं, रस्त्यावर उडून जाईल, आत ठेवा. आणि बॉनेट उघडलं. मला वाटलं, पूजाच चाललीय."

"वन्सं! आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला खण दिल्याचा राग आला होता ना. मी तिकडे बघतच नव्हते धड."

जब्बारभाईंनी बॉनेट उघडलं. पुढच्या जाळीमागे, इंजिन जिथून हवा आत ओढतं त्या नळीच्या तोंडाशी, पांढऱ्या टॉवेलचं एक टोक दिसत होतं. बाकीचा आत ओढला गेला होता. बबनने टोक धरलं आणि ओढायला लागला. टॉवेल येतोय, येतोय, संपतच नाही. चांगला रुंद, लाल काठाचा, किमतीचं लेबल काढलेला टॉवेल निघाला. तात्यांनी मानात कसर केली नव्हती, हे सगळ्यांनी कबूल केलं.

"आता मारा रेस," जब्बारभाई म्हणाले. मी मारली. इंजिन मोकळं गरजलं. वन्सं स्वतः मागे जाऊन वाकल्या. "काही नाही गं!" त्या ओरडल्या. "स्वच्छ! अगदी स्वच्छ!" आणि तिथेच टाळ्या वाजवायला लागल्या.

जब्बारभाईंनी जराही न ओशाळता हात पुसले. "म्हटलं न्हवतं का मी," ते बबनला म्हणाले, "हवेचाच प्रॉब्लेम हाय."

बारसं झकास झालं. बाळाचं नाव काय ठेवलं ते मी त्या आनंदात विसरले आणि भाचीला पुन्हा विचारावं लागलं. परतताना कड्याला तात्या रस्त्यावरच उभे होते. "टॉवेल कामाला आला का?" त्यांनी विचारलं. वन्संनी तोंड उघडलं, पण मी त्यांच्या पायावर पाय दिला. "अहो, गाडीने सोडलाच नाही," मी म्हटलं. तात्या प्रसन्न झाले.

नाशिकला पोचलो तर निखिल फाटकात हजर, एक दिवस आधीच. नमस्कार नाही, चहा नाही. गाडीच्या मागे गेला, मला रेस करायला लावली आणि उकिडवा बसून बराच वेळ नळकांड्याकडे बघत राहिला. उठला तेव्हा तोंडावर आनंद नव्हता.

"धूर नाहीये," तो म्हणाला.

"नाहीच आहे."

"पण आई, तू एवढ्या लांब... घाटात, एकटी... काही झालं असतं तर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की धुराचं सगळं निमित्त होतं. लेकरू घाबरलं होतं. बाप गेला, आता आई स्टिअरिंगवर. मला राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदमच.

"एकटी कुठे? मी होते," वन्सं म्हणाल्या. "आणि ती तुझ्यापेक्षा बरी चालवते."

निखिल आत गेला, चहा प्याला, भाचीच्या बाळाचे फोटो बघितले. अंधार पडायच्या आत परत निघायला हवं म्हणून बॅग उचलली. मी वाट बघत होते की हा आता रिक्षा बोलावतो. दारात थांबला, चपलेकडे बघत म्हणाला, "पुण्याच्या बसला सोडतेस मला?"

मी किल्ली घेतली. तो पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसला, पट्टा लावला, पट्टा नीट लागलाय का ते दोनदा बघितलं. बसस्थानकापर्यंत प्रत्येक वळणावर, तिथे नसलेला ब्रेक पायाने दाबत राहिला. आणि मी मुद्दाम हळू चालवली.