होई आनचे चार दिवस

१२ मार्च २००५. घरात माणसे चार: तीन नॉटिंगहॅमला, एक व्हिएतनाममध्ये. संध्याकाळी उरली तीन.

जी बाहेर होती ती मधुमती. वय त्रेपन्न, अविवाहित. सकाळी कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, लायब्ररीत काउंटरवर, उरलेला दिवस अंथरुणाला खिळलेल्या आईच्या, यमुनाबाईंच्या, उशाशी. थोरला भाऊ मुरलीधर डॉक्टर. घर त्याचे. त्या घराची व्यवस्था एका वाक्यावर उभी होती: ‘मधू आहे ना.’ एकोणीस वर्षे ती होती. मग तिने नऊ दिवसांची रजा मागितली.

“या वयात पाठीवर बिऱ्हाड?” वहिनी, नीना, हसली होती. “लोक म्हणतील, आम्ही घराबाहेर काढली.”

“नऊच दिवस, वहिनी. गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लावल्यात.”

भाचीची जुनी बॅकपॅक घेऊन ती होई आनला पोचली. पिवळ्या भिंतींचे, नदीकाठचे लहानसे गाव. दर चार घरांमागे एक शिंप्याचे दुकान. तिने आईचा मापाचा ब्लाउज नेला होता. आईचा उजवा हात वर होत नसे. तेवढी बाही सैल, हे तिने खुणांनी समजावले. शिंपीणबाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नवा ब्लाउज हातात दिला.

रोज संध्याकाळी पाचला ती घरी फोन करी. नॉटिंगहॅमला तेव्हा सकाळचे दहा.

“आईला दे ना, वहिनी.”

“झोपल्यात.”

“आत्ता? दहाला?”

“म्हातारं माणूस, लागतो डोळा केव्हाही. तू भटक गं मजेत.”

रविवार, सोमवार, मंगळवार: तिन्ही दिवस हेच उत्तर. यमुनाबाई शनिवारी दुपारीच गेल्या होत्या.

इंग्लंडमध्ये क्रिमेटोरियमची तारीख बहुधा आठवड्याने मिळते. मुरलीधरांनी ओळखी वापरून कोणाची तरी रद्द झालेली बुधवारची वेळ मिळवली. मधुमतीचे विमान गुरुवारी उतरणार होते, हे त्यांना ठाऊक होते. आदल्याच वर्षी गावातल्या याच मराठी मंडळींनी एका मृतदेहासाठी अकरा दिवस वाट पाहिली होती, कारण मुलगा नागपूरहून यायचा होता. मुलीसाठी थांबण्याचा प्रघात नव्हता, म्हणून तो प्रश्न कोणाला पडलाही नाही. तरीही बुधवारी जमलेल्यांपैकी कोणी चौकशी केलीच, तेव्हा मुरलीधर म्हणाले, “कळवलंय मधूला. तिला ट्रिप सोडवत नाहीये.”

गुरुवारी ती आली तेव्हा आईचा पलंग सुटा करून बाहेर, कौन्सिलच्या गाडीसाठी, ठेवलेला होता.

“कळवलं असतं तरी काय केलं असतंस?” भाऊ म्हणाला. “जन्मात एकदा गेलीस. तुझी ट्रिप कशाला नासवायची?”

“दादा, एक दिवस थांबला असतात.”

“लोकांनी बुधवारच्या सुट्ट्या काढल्या होत्या.”

“आधी अंघोळीला जा,” नीना म्हणाली. “सुतकात काय काय खाऊन आलीस, देव जाणे.”

एकोणीस वर्षांत प्रथमच घर तिच्यावाचून चालवावे लागले होते, आणि त्याचा राग त्या दोघांनी असा काढला. ही दयाबुद्धी होती असे ते आजही मानतात. मला ती शिक्षा वाटते.

पुढे तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत बायका मधुमतीशेजारच्या खुर्च्या रिकाम्या ठेवू लागल्या. कारण तिला दोन वर्षांनी कळले. तिने भावाला एवढेच सांगितले, की खरे काय ते त्या लोकांना सांगा. मुरलीधरांनी ते सांगितलेले नाही. बहिणीची क्षमाही मागितलेली नाही. दोन्ही देणी बाकी आहेत.