एका दगडाला एक पाटी

रस्ता फुकट वापरल्याची लाज वाटणारा माणूस या मुलखात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. हे विधान बरेच दिवस मनात घोळवून मग मी लिहिते आहे. माणसे सावली फुकट वापरतात, वारा फुकट वापरतात, शेजाऱ्याचे वर्तमानपत्र तर हक्काने वापरतात. पण आपण पायाखालच्या रस्त्याचे काही देणे लागतो, असे त्यांतल्या कुणाला वाटताना मी पाहिलेले नाही. आतोबांना ते वाटायचे, आणि चपलेत खडा गेल्यासारखे पावलापावलाला वाटायचे.

तीस वर्षे फौजेत गाड्या चालवून ते सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि तासगावच्या पुढे आपल्या मळ्यात द्राक्षबाग लावून राहिले. फौजेतल्या प्रत्येक गाडीला एक डायरी असते. गाडी कुठून निघाली, कुठे गेली, किती किलोमीटर चालली आणि कशासाठी, हे तीत लिहायचे असते. अंगावरची वर्दी उतरली तरी ही डायरी काही उतरली नाही. तिच्या 'कारण' या रकान्यात 'पत्नीचा दात', 'मयत', 'खत', 'सोसायटीत भांडण' अशा नोंदी स्वच्छ अक्षरात असत. भांडायला गेलो तर भांडण असेच लिहिले पाहिजे, त्याला 'काम' म्हणणे म्हणजे लबाडी, असे त्यांचे मत होते. नातेवाईकसुद्धा त्यांनी अंतराने लावून ठेवले होते. आत्या औंधची, म्हणून ती शहात्तर किलोमीटरची बायको. मी साताऱ्याला एका शाळेचे ग्रंथालय सांभाळते, म्हणून मी एकशे बारा. फोनवर माझा आवाज ऐकला की ते आत्याला हाक मारून सांगत, "आगं, एकशेबाराचा फोन हाय." माझे वडील गेले त्या आठवड्यातल्या पानावर एकशे बाराची नोंद आहे, आणि कारणाच्या रकान्यात नुसते 'पोरीकडे' असे लिहिले आहे. ते त्या दिवशी मोटारसायकलवरून आले होते, माझ्या कपाटांसमोर दोन तास बसले होते, आणि जाताना पुस्तकांवरची धूळ पुसली पाहिजे एवढेच म्हणाले होते.

पेट्रोलपंपावर त्यांच्याबरोबर जाणे हा एक सोहळा असे. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे काही पैसे सरकारकडे आणि तिथून रस्त्याकडे जातात, हे त्यांना कुठेतरी वाचून कळले होते, आणि तेव्हापासून महाग पेट्रोल भरताना हसणारे ते एकमेव गिऱ्हाईक झाले. टाकीचे झाकण लावताना ते हलकेच पुटपुटत, "जा बाबा, माझ्या वाटंचं डांबर घिऊन ये." मग छाती पुढे काढून गाडी चालवत. माझ्या पैशाचा रस्ता आहे, असा त्या चालवण्यात तोरा असे.

हा तोरा उतरवला तो त्यांच्या लेकीने. ती पुण्यात नोकरी करते. वडिलांना सारखे पंपावर जायला नको म्हणून तिने विजेवर चालणारी स्कूटर पाठवली. आतोबांनी ती आठ दिवस चालवली आणि नवव्या दिवशी ते जेवणावरून उठले. आत्याला वाटले, पोट बिघडले. "पोट न्हाई गं," ते म्हणाले, "पेट्रोल न्हाई म्हंजे रस्त्याचं कायबी भरलं न्हाई. आठ दिस चोरून जातोय म्या." आत्याने समजूत घातली, की विजेचे बिल भरता ना? त्यावर त्यांनी विचारले की विजेच्या बिलातून रस्ता होतो असे कुणी सांगितले. मग स्वतःचा कर त्यांनी स्वतःच ठरवला. दर दहा किलोमीटरला एक पाटी मुरूम. दुसऱ्या दिवसापासून स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये मुरमाचे पोते ठेवून ते फिरू लागले आणि खड्डा दिसला की उतरून भरू लागले. सुभेदाराला फौजेने बिघडवले, असे गावाचे एकमत झाले.

गाव हसत होते तरी गावाचा रस्ता हसण्यासारखा नव्हता. डांबरी रस्त्यापासून आमच्या मळ्यापर्यंत अडीच किलोमीटरची पाणंद आहे. दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षबागा, मधून ही कच्ची वाट. आतोबांनी तिच्यावर दर अर्ध्या किलोमीटरला एक दगड रोवून त्याला चुना लावला होता. सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून आणि तिचे फेरे मोजून त्यांनी ते अंतर घेतले होते. पाचवा दगड म्हणजे आमचा मळा. पाणंदीच्या डागडुजीची वर्गणी मात्र पूर्वापार उंबऱ्यावर होती. दर घराला सारखी. ज्याच्या घरी म्हातारी एकटी राहते तिलाही तेवढीच, आणि ज्याचे तीन ट्रॅक्टर दिवसभर उसाच्या ट्रॉल्या ओढतात त्यालाही तेवढीच. त्यामुळे देणारे कुरकुरत, न देणारे अधिक कुरकुरत, आणि खड्डे गुपचूप वाढत.

मग एका दिवाळीनंतर मिरजेहून द्राक्षांचे एक व्यापारी आले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी बागा पाहिल्या, घड हातात धरून पाहिले आणि मान हलवली. माल एक नंबर आहे, पण आपली गाडी दुसऱ्या दगडापुढे येणार नाही, असे त्यांनी सांगितले. मागच्या साली ट्रॅक्टरमधून हादरत गेलेल्या मालाचे मणी देठापासून सुटले होते आणि निम्म्या क्रेटमध्ये रस्सा झाला होता. "सुभेदार, संक्रांत झाली की मी येतो," चाचा म्हणाले. "गाडी पाचव्या दगडापर्यंत गेली तर सगळ्या बागा माझ्या. नाही गेली तर माफ करा." दुसऱ्या दगडापुढच्या साऱ्या बागांचे वर्ष त्या एका वाक्यावर येऊन टेकले.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. आतोबांनी उभे राहून आपला कर मांडला. मळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीने पाणंदीच्या तोंडाशी थांबायचे आणि जेवढ्या दगडांपर्यंत जायचे तेवढ्या पाट्या मुरूम घेऊन वाटेतल्या खड्ड्यात टाकायचा. एका दगडाला एक पाटी, जाऊन येऊन. पायी चालणाऱ्याला आणि सायकलला माफ. मुरूम आमच्या शेततळ्यातून निघालेला, त्याचा ढीग आतोबा तोंडाशी घालून ठेवणार, कुणी पैसा काढायचा नाही. पहिला आक्षेप तिसऱ्या दगडाच्या तात्यांचा आला. तीन ट्रॅक्टर त्यांचेच. उंबऱ्याची वर्गणी काय वाईट होती, असे त्यांनी विचारले.

"तात्या, रस्ता उंबरा झिजवत न्हाई, चाक झिजवतंय," आतोबा म्हणाले.

तात्या गडी हुशार. ट्रॅक्टरच्या मीटरवर किलोमीटर नसतात, तास असतात, तेव्हा अंतर धरायचे कसे, असे त्यांनी विचारले. आतोबांनी चुन्याच्या दगडांकडे बोट दाखवले. तेव्हा तात्यांनी दुसरा डाव टाकला. डिझेलवर ठेवू, जेवढे डिझेल तेवढा मुरूम, पंपाची पावती दाखवायची. पारावरची बरीच डोकी हलली, कारण ते सोपे होते.

"डिझेल नांगरटीलाबी लागतंय," आतोबा म्हणाले. "रानात जाळल्यालं रस्त्यानं का भोगावं? आन माझी गाडी तर डिझेल पीतच न्हाई. म्या काय करायचं?"

"तुमी जावा की फुकट. आमचं कायबी म्हणणं न्हाई."

तात्यांना वाटले, आपण उदार झालो. आतोबांचा चेहरा मात्र कुणी मुस्काटात मारावी तसा झाला. फौजेत तीस वर्षे त्यांना बर्फाने छळले होते, पण फुकट्या कुणी म्हटले नव्हते. "मी सगळ्यांत लांब राहतो," ते शांतपणे म्हणाले. "पाच दगड. माझ्या हिशेबानं सगळ्यांत जास्ती म्याच टाकणार हाय. तुमच्या हिशेबानं मी येक पाटीबी टाकणार न्हाई. आता कुनाचा हिशेब लबाड त्ये तुमीच सांगा." मग एक म्हातारी म्हणाली, सुभेदाराचं खरं हाय. संक्रांतीपर्यंत करून बघायचे ठरले.

पहिले पंधरा दिवस कर जोरात भरला गेला आणि पाणंद पूर्वीपेक्षा वाईट झाली. झाले असे, की प्रत्येकाने आपल्या पाट्या इमानेइतबारे भरल्या, मोजल्या आणि आपापल्या बांधापुढे नेऊन टाकल्या. वाटेत खड्डे तसेच, आणि ज्याच्या त्याच्या दारात मुरमाचा उंचवटा. तात्यांच्या फाटकापुढे तर एवढा चढ झाला की त्यांचीच बैलगाडी त्यावर चढेना. उंटाच्या पाठीवरून गेल्यासारखे वाटते, असे मी सुट्टीत गेले तेव्हा म्हणाले, आणि आत्याने मला डोळ्याने दटावले. आतोबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. डायरीत त्या दोन्ही दिवशी शून्य किलोमीटर आहे आणि कारण लिहिले आहे, 'लाज'.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पारावर गेले आणि करात एकच कलम वाढवले. आपल्या बांधापुढे टाकलेली पाटी मोजायची नाही. पाटी दुसऱ्याच्याच बांधापुढे पडली पाहिजे. एवढ्या एका वाक्याने गावाचा स्वभावच कामाला लागला. माझी पाटी दुसऱ्याच्या दारात पडते म्हटल्यावर दुसऱ्याची माझ्या दारात नीट पडते की नाही, हे बघायला जो तो आपल्या बांधावर उभा राहू लागला. तात्या तर खुर्ची टाकून बसत. "आवं, कडंला नगं, मधी टाका मधी," अशी त्यांची आरोळी चौथ्या दगडापर्यंत ऐकू येई. मुरूम टाकला तरी दाबायचा कशाने, हा प्रश्न होता; तोही तात्यांच्याच भरलेल्या ट्रॉल्यांनी सोडवला. मार्गशीर्ष संपेपर्यंत तात्या पाहुण्यांना सांगू लागले होते, की हा रस्ता माझ्या चाकांनी बसवलाय.

संक्रांतीनंतर चाचांची गाडी आली आणि पाणंदीच्या तोंडाशी थांबली. चालकाला पाच पाट्या भरायला लावल्या गेल्या, कारण नियम तो नियम. गाडी पाचव्या दगडाला पोचली, क्रेट भरले गेले, आणि मग आतोबांनी आत्याकडे कल्हईचा पेला भरून ताक मागितले. फौजेत नव्या चालकाची परीक्षा पाण्याच्या पेल्यावर घेत, असे ते सांगत. इथे परीक्षा रस्त्याची होती. काठोकाठ भरलेला पेला उजव्या हातात धरून ते चालकाशेजारी बसले. दोन्ही बांधांवर माणसे उभी होती. गाडी चौथा दगड ओलांडून गेली, तिसरा गेला, तात्या खुर्चीवरून उठून मागून चालू लागले, आणि त्यांच्या मागे सगळेच. पाणंदीच्या तोंडाशी आतोबा उतरले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर ताकाचे दोन थेंब होते.

"सांडलं की वो," तात्या म्हणाले.

"ह्ये दोन थेंब डायवरचं," आतोबा म्हणाले. "रस्त्याचं न्हाईत." आणि उरलेले ताक त्यांनी तात्यांच्या हातात दिले. तात्यांनी ते एका दमात पिऊन टाकले. चाचांनी गाडीतला वरचा क्रेट उघडून एक घड उचलला, झटकून पाहिला, एकही मणी पडला नाही. दुसऱ्या दगडापुढच्या साऱ्या बागांचा सौदा त्या दिवशी उभ्या उभ्या ठरला. त्या दिवशीचे डायरीतले कारण मी पाठ केले आहे: 'विजय, अडीच किलोमीटर.'

पुढे वर्तमानपत्रात आले, की मोठ्या रस्त्यांवर गाडी जेवढी धावेल तेवढाच टोल घ्यावा, आणि आकाशातल्या उपग्रहाने ते अंतर मोजावे, असा विचार चालू आहे. आतोबांनी ती बातमी कापून कपाटाला आतून चिकटवली. उशिरा का होईना, कळले म्हणायचे, असा त्यांचा शेरा होता. एकच काळजी त्यांना वाटत असे. उपग्रह वरून मोजील ठीक, पण आपल्या दारात की दुसऱ्याच्या, हे तो कसे बघणार?

गेल्या महिन्यात एका सकाळी सांगलीच्या दवाखान्यात आतोबा वारले. लेक पुण्याहून वाटेत होती; आत्या आणि मी त्यांना घेऊन मळ्याकडे निघालो. पाणंदीच्या तोंडाशी आत्याने गाडी थांबवायला सांगितली. चालक सांगलीचा, त्याने विचारले, इथे टोल आहे काय? आत्या म्हणाली, हाय. तात्या आणि गावची माणसे तिथे उभीच होती. मी खाली उतरून पाटी आणि फावडे उचलले. माझ्या हातांना पुस्तकांपेक्षा जड काही उचलायची सवय नाही. तात्यांनी माझ्या हातातून फावडे घेतले आणि पाट्या भरून आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवू लागले. दोन झाल्या, तिसरी अर्धी झाल्यावर ते थांबले.

"वैनी," ते दुसरीकडे बघत म्हणाले, "पाटी जाऊन येऊन हाय. ह्येंना परत यायचं न्हाई. अडीचच बसत्यात."

"पुऱ्या पाच भरा," आत्या म्हणाली. "कमी पडली तर वर जाऊन डायरीत लिवतील."

पाच भरल्या. गाडी सावकाश निघाली, मागून ट्रॉली, आणि ट्रॉलीवर उभे राहून तात्या दोन्ही बाजूंना खड्डा शोधत होते. चौथ्या दगडापर्यंत सापडला नाही. पाचव्यापर्यंतही सापडला नाही. आमच्या फाटकाशी आल्यावर कुणीतरी म्हणाले, आता इथेच टाका, आजच्या दिवस चालते. आत्याने मान हलवली. आपल्या बांधापुढची मोजत नाहीत.

तेव्हा तात्या एकटेच ट्रॉली घेऊन मागे वळले. तिसऱ्या दगडाशी, स्वतःच्या फाटकापुढे, त्यांनी त्या पाच पाट्या ओतल्या. सुभेदाराची पाटी माझ्या दारात, म्हणजे नियमात बसते, असे ते नंतर म्हणाले. महिन्याच्या दिवसांना मी गेले, माझ्या पाच पाट्या दुसऱ्या दगडाजवळच्या एका खळग्यात टाकल्या आणि गाडी पुढे काढली. तो लहानसा ढीग तिथेच होता, कडेला, फावड्याने नीट गोल केलेला. त्याला कुणी हात लावत नाही. आतोबांचा कर पुरा भरलेला आहे. अजून त्याच्या योग्यतेचा खड्डा पडलेला नाही.