सौद्यातलं लुगडं

फोटोखाली सरांनी लिहिलं होतं, 'बेदाण्याच्या सौद्यात महिलांचा वाढता सहभाग'. सहभाग म्हणे! कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी लेखाच्या मसुद्यात ते वाचलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. फोटोत माझी वहिनी आहे. तिच्या पुढ्यात माझ्या आईचं इरकली लुगडं अंथरलंय, त्यावर बेदाणा सांडलाय. तो सहभाग नव्हता हो. संताप होता तिचा. आणि तो कुणी पायदळी तुडवला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी कराडला कायदा शिकवते, राहते शेजारच्या मलकापुरात. सरांच्या संशोधन प्रकल्पात मी होते. सर मोठ्या विद्यापीठातले, आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात त्यांचा दबदबा. आमचा विषय असा की, श्रीमंत देश आता म्हणतात, जमीन, पाणी आणि राबणारी माणसं ओरबाडून पिकवलेला माल आम्ही घेणार नाही. त्यासाठी ते नियम करतात. त्या नियमांचा भार शेवटी कुणाच्या डोक्यावर पडतो, आणि नियम ठरवताना पिकवणाऱ्याला कुणी विचारतं का, हे आम्ही तपासत होतो. विषय लाखमोलाचा, आजही म्हणते. म्हणूनच मी सरांच्या मागं लागले, एकदा आमच्या सांगलीकडचा सौदा बघायला चला.

सर पुण्याहून निघाले. शिरवळला चहा पिता पिता त्यांनी लेखाचं नाव ठरवलं, आणि मलकापुरात मला गाडीत घेतलं तोवर निष्कर्षही तयार होता. 'तळातल्या उत्पादकाचा आवाज' हे त्यांचं पालुपद पार सांगलीपर्यंत चाललं. मी आपली मान डोलवत होते.

माझा दादा फौजेत, सरहद्दीवर. द्राक्षबाग वहिनीच बघते. छाटणी, फवारणी, शेडमध्ये जाळीवर द्राक्षं वाळवणं, मग दाणा दाणा निवडून पेट्या भरणं, सगळं तिच्याच अंगावर. आणि हा एवढा जपलेला माल सौद्यात बोली लावून कसा विकतात, ते ऐका. पेट्या उघडून ओळीनं मांडतात. व्यापारी येतो, मूठभर बेदाणा उचलतो, वास घेतो, दोन दाणे तोंडात टाकतो आणि उरलेली मूठ पेटीत न टाकता मागं भिरकावतो. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. वजन होतं ते ह्या सगळ्यानंतर. खाली पडलेलं झाडून कोण नेतं, ते विचारायचं नाही, रीतच आहे म्हणतात. गेल्या हंगामात वहिनीनं विचारलं तर तिचा माल विकून देणारा अडत्या खो खो हसला. म्हणाला, 'आवं आक्का, लग्नात कुणी अक्षता मोजतंय व्हय?'

ह्या हंगामात मात्र वहिनी पिशवीत लुगडं घालून आली आणि पेट्यांच्या पुढं तिनं ते चारी बाजूंनी ओढून नीट अंथरलं.

'हे काय आंथरलंय, आक्का?' अडत्यानं विचारलं.

'लुगडं हाय. माझ्या सासूचं. चपला काढून या आन् काय सांडायचं त्ये ह्याच्यावर सांडा. मी परत भरून घेती.'

बाईच्या लुगड्यावर चपलेचा पाय ठेवायला आमच्याकडं कुणी धजत नाही. सगळे व्यापारी काठापाशी थबकले. एक जण म्हणाला, 'चला रं फुडं, माल काय हितंच हाय व्हय?' ते पुढं गेले असते तर वहिनीचा वर्षाचा माल बोलीविना तसाच राहिला असता. तेवढ्यात एक म्हातारा व्यापारी पुढं आला. 'लय ताठ हाय गड्या ही,' असं पुटपुटत तो वाकला आणि त्यानं एका पायातली चप्पल काढलीसुद्धा.

आणि नेमके तेव्हाच आमचे सर मोबाईल उंचावत बुटांसकट लुगड्यावर चढले!

'एक मिनिट, ताई, इकडं बघा. तुम्ही आणि पेट्या, दोन्ही फोटोत आल्या पाहिजेत.'

'सर, बूट!' मी ओरडले. त्यांनी न बघताच हातानं थांब म्हणून खूण केली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. 'सायेब बुटासकट गेलं, मग आमीच काय घोडं मारलंय?' म्हाताऱ्यानं पाय परत चपलेत सरकवला. मग काय, सगळेच आत घुसले. मुठी भरल्या, मुठी उधळल्या, आईच्या लुगड्यावर बेदाण्याचा चिखल झाला, आणि सर फोटो काढतच राहिले. माल विकला गेला, नाही असं नाही. पण तुडवलेला दाणा पेटीत परत कसा भरायचा? वहिनीनं चारी टोकं उचलून गाठोडं बांधलं आणि बाहेर जाऊन गुरांपुढं ओतलं.

परतताना गाडीत मी सरांना धारेवर धरलं. सर शांतपणे म्हणाले, 'आपण निरीक्षक असतो. स्थानिक रीतींत हस्तक्षेप करायचा नसतो. शिवाय सौदा हा देशांतर्गत मामला, आपल्या विषयाच्या कक्षेबाहेर.'

ऐका! दुसऱ्याच्या लुगड्यावर बूट घालून उभा राहिलेला माणूस म्हणतो, हस्तक्षेप करायचा नसतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि सौदा कक्षेबाहेर, तर मग सौद्यातला फोटो लेखात कसा आला?

मी स्टाफरूममधूनच वहिनीला फोन लावला. म्हटलं, सरांनी लेखात तुझा फोटो घातलाय, तो मी लेखातून काढायला लावते. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग वहिनी म्हणाली, 'काढायचा कशाला, वन्सं? मी काय चोरी न्हाई केली. पर त्यो बूट हाय का त्यात?'

मी बघितलं. खालच्या कोपऱ्यात, लुगड्याच्या काठावर, बुटाचं काळं टोक स्पष्ट दिसत होतं.

'हाय म्हणता? मग छापू द्या की. बुटासकट छाप म्हणावं.'

मी सरांना तेवढंच कळवलं, आणि खालचा मजकूर बदला म्हणून सांगितलं. नाहीतर लेखावरून माझं नाव काढा. लेख छापून आला. मजकूर तोच. फोटो खालून कापलेला, त्यात बूट गेला आणि लुगड्याचा काठही गेला. आता बघणाऱ्याला ते जमिनीवर टाकलेलं कुठलंही फडकं वाटेल. माझं नाव मात्र त्यांनी विनातक्रार काढलं.

लुगडं वहिनीनं धुऊन ठेवलंय. पुढच्या हंगामाच्या सौद्याला ती ते पुन्हा अंथरणार आहे. ह्या खेपेला मी सरांशिवाय जाणार आहे, आणि काठावर मीच उभी राहणार आहे. बघतेच, बूट घालून कोण पाय ठेवतंय ते.